व्होल्ट आणि ॲम्पिअर मोजून रोध आणि वॅट कसे काढायचे

कुणी गणवेशाच्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलावर नवीन असतं, कुणी सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये वायरमनच्या हाताखाली लागलेलं असतं, कुणी आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या वर्षात असतं. तिघांपुढे प्रश्न एकच येतो: ही वस्तू खरंच किती वीज ओढते, आणि ती ठीक आहे की बिघडली आहे? व्होल्टेज आणि करंट हे दोन आकडे बरोबर मोजले की याचं उत्तर मिळतं. पुढचं काम गुणाकार-भागाकाराचं.

नवीन माणूस गणितात क्वचित चुकतो. तो चुकतो मोजण्यात. व्होल्टेज बोर्डावर बघतो, करंट इस्त्रीच्या वायरवर बघतो, किंवा व्होल्टेज मोजतच नाही आणि सरळ २३० धरून गुणाकार करतो. म्हणून एक नियम आधीच पक्का करा: दोन्ही आकडे एकाच ठिकाणी, एकाच वेळी, लोड (म्हणजे वीज ओढणारी वस्तू) चालू असताना घ्यायचे. या लेखातली प्रत्येक पायरी याच नियमावर उभी आहे.

१. सूत्रं दोन, त्यातून निघणारी आणखी दोन

रोध = व्होल्टेज ÷ करंट
वॅट = व्होल्टेज × करंट

व्होल्टेज व्होल्टमध्ये आणि करंट ॲम्पिअरमध्ये घेतला की रोध ओहममध्ये येतो. पहिला नियम जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम याने १८२७ साली मांडला, म्हणून एककाला त्याचं नाव आहे. ही दोन सूत्रं एकमेकांत घातली की आणखी दोन मिळतात:

वॅट = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध
वॅट = करंट × करंट × रोध

यातलं पहिलं इस्त्री, गीझर, हीटर अशा वस्तूंना वापरा, कारण त्यांच्यावर किती व्होल्टेज आहे हे आपल्याला मोजता येतं. दुसरं वायर, स्विच, पिन आणि जोड यांच्यासाठी आहे, कारण त्यांच्यातून किती करंट जातो ते ठाऊक असतं आणि तेवढ्यावरून ते किती तापतील ते कळतं.

एक गैरसमज इथेच काढून टाका. जास्त वॅटच्या वस्तूचा रोध जास्त नसतो, कमी असतो. २३० व्होल्टवर १००० वॅटच्या इस्त्रीचा रोध ५२.९ ओहम येतो, २००० वॅटच्या गीझरचा २६.४५ ओहम. कॉइलचा रोध वाढलेला दिसला तर ती जास्त वीज खात नाही, कमी खाते. रोध फारच कमी झाला तर मात्र धोका आहे, कारण आत कुठेतरी शॉर्ट होत आलेलं असतं.

२. जवळ काय काय हवं

- डिजिटल मल्टिमीटर. घरच्या किंवा शेडच्या वायरिंगवर वापरायचा असेल तर त्यावर ‘कॅट ३, ६०० व्होल्ट’ असं छापलेलं हवं. अगदी स्वस्तातला पिवळा मीटर बॅटरी आणि सर्किट बोर्डासाठी ठीक आहे, मेन लाइनसाठी नाही.
- टाँग टेस्टर, म्हणजे जबड्यात वायर धरून करंट सांगणारा मीटर. मेन लाइनचा करंट यानेच मोजा. वायर तोडायची गरज पडत नाही.
- फुटभर लांबीचा तीन तारांचा जोड. एका टोकाला पिन टॉप, दुसऱ्या टोकाला सॉकेट. मधलं फक्त बाहेरचं आवरण सोलून तिन्ही तारा सुट्या केलेल्या. आतल्या एकाही तारेच्या इन्सुलेशनला ओरखडा लागता कामा नये.
- वस्तूवरच्या पट्टीचा फोटो. त्यावर व्होल्टेज, वॅट किंवा ॲम्पिअर आणि मोटर असेल तर पॉवर फॅक्टर (व्होल्टेज × करंट यातला किती भाग खरे वॅट होतो ते सांगणारा आकडा) लिहिलेला असतो.
- वही, आणि मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर व स्टॉपवॉच.

तीन तारांचा जोड करून ठेवण्याचा कंटाळा करू नका. तो का लागतो ते पाचव्या पायरीत आहे.

३. हात लावण्याआधी

हात कोरडे, पायात कोरडी रबरी सोलची चप्पल किंवा बूट. कूलर, पंप किंवा गीझर यांच्याजवळची फरशी ओली असेल तर ती पुसून कोरडी होईपर्यंत थांबा. ओल्या अंगाचा रोध १००० ओहमच्या आसपास येऊ शकतो, आणि २३० ÷ १००० म्हणजे ०.२३ ॲम्पिअर. घरात बसवलेलं आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) ०.०३ ॲम्पिअर गळतीलाच सुटतं, ते उगाच नाही.

मल्टिमीटरची काळी लीड नेहमी ‘कॉम’ लिहिलेल्या छिद्रात. लाल लीड कुठल्या छिद्रात आहे ते दर वेळी बघा. ती १० ॲम्पिअरच्या छिद्रात राहिली आणि तुम्ही सॉकेटचं व्होल्टेज मोजायला गेलात, तर तुम्ही फेज आणि न्यूट्रल थेट जोडले असं होतं. ठिणगी उडते, लीडची टोकं वितळतात आणि कधी मीटर हातातच फुटतो. नवशिक्यांच्या हातून होणारी ही सगळ्यात घातक चूक आहे. करंट मोजून झाल्याबरोबर लाल लीड व्होल्टच्या छिद्रात परत लावायची सवय पहिल्या दिवसापासून ठेवा.

महावितरणच्या मीटरचं सील आणि खांबाकडून मीटरपर्यंत येणारी वायर याला हात लावायचा नाही. आपलं काम मीटरच्या पुढे सुरू होतं.

४. व्होल्टेज मोजा

मीटरचा नॉब ‘व्ही’ आणि त्याच्याशेजारी लाटेसारखी रेघ असलेल्या खुणेवर ठेवा, म्हणजे एसी. रेंज हाताने निवडायची असेल तर ६०० किंवा ७५० ची घ्या. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर मीटर तपासून बघा, मग हवं तिथे मोजा.

वस्तू बंद असताना सॉकेटवर २२८ व्होल्ट दिसले तर तो आकडा आपल्या हिशेबाला उपयोगाचा नाही. इस्त्री चालू करा आणि पुन्हा बघा. २२० किंवा २१४ वर उतरलेलं दिसेल. खरा आकडा तो. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यातला फरकही लिहून ठेवा, सगळ्यात जास्त माहिती त्याच फरकात असते.

५. करंट मोजा

टाँग टेस्टर एसी ॲम्पिअरवर ठेवा आणि जबड्यात एकच तार घ्या, फेज किंवा न्यूट्रल. इस्त्रीची अख्खी केबल धरली तर फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा करंट एकमेकांना काटतात आणि मीटर शून्य दाखवतो. म्हणून तो सुट्या तारांचा जोड. अख्खी केबल धरून शून्याऐवजी काही आकडा आला, तर मात्र करंट अर्थिंगमधून किंवा दुसऱ्या कुठल्या वाटेने गळतोय. ती वस्तू ताबडतोब बाजूला काढा.

करंट अगदी कमी असेल, समजा पंख्याचा, तर सुट्या तारेचे जबड्याभोवती पाच वेढे घ्या आणि दिसणाऱ्या आकड्याला पाचाने भागा. ०.३५ ॲम्पिअर १.७५ म्हणून दिसतो आणि वाचायला सोपा जातो.

इस्त्री, गीझर, ओव्हन यांत थर्मोस्टॅट असतो. पुरेसं तापलं की तो करंट तोडतो. इस्त्रीचा दिवा विझलेला असताना टाँग शून्य दाखवणारच, त्यात इस्त्रीचा दोष नाही. डायल पूर्ण वर फिरवा आणि दिवा लागलेला असताना आकडा घ्या. नेमकं त्याच क्षणी दुसऱ्याने सॉकेटवरचं व्होल्टेज वाचावं. दोघं असाल तर काम निम्म्या वेळात होतं.

६. हिशेब करा: गणवेशाच्या कारखान्यातल्या तीन इस्त्र्या

उदाहरण घेऊ. पत्र्याच्या शेडमध्ये एकाच लाइनवर १००० वॅटच्या तीन इस्त्र्या आहेत. बोर्डापासून टेबलापर्यंत २५ मीटर वायर, १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची. तिन्ही इस्त्र्या चालू. बोर्डावर २२६ व्होल्ट, टेबलाजवळच्या सॉकेटवर २१४ व्होल्ट, प्रत्येक इस्त्रीचा करंट ४.०५ ॲम्पिअर.

एका इस्त्रीचा रोध: २१४ ÷ ४.०५ = ५२.८ ओहम
एका इस्त्रीचे वॅट: २१४ × ४.०५ = ८६७ वॅट

पट्टीवरून यायला हवा तो रोध: २३० × २३० ÷ १००० = ५२.९ ओहम. म्हणजे कॉइल अगदी ठीक आहे. तरी इस्त्री १००० ऐवजी ८६७ वॅटच देते आहे, कारण तिच्यापर्यंत व्होल्टेज पोचत नाही. ‘इस्त्री तापत नाही’ म्हणून नवी कॉइल टाकून काहीही फरक पडणार नाही. दोन आकडे एकाच ठिकाणी मोजले की दोष वस्तूत आहे की लाइनमध्ये, हे असं वेगळं काढता येतं.

२३० धरून गुणाकार केला असता तर २३० × ४.०५ = ९३१ वॅट आले असते, आणि रोध ५६.८ ओहम. वॅट जास्त, शिवाय कॉइल खराब होत चालल्याचा खोटा संशय. एका आळसात दोन चुका.

७. वस्तू बंद करून ओहम मोजा आणि पडताळा

पिन टॉप सॉकेटमधून काढा. नुसता स्विच बंद करून चालत नाही. चालू लाइनवर ओहम मोजायला गेलात तर मीटर जातो. नॉब २०० ओहमवर ठेवा, दोन्ही लीडची टोकं एकमेकांना टेकवा. ०.३ किंवा ०.४ ओहम दिसेल. तो लीडचा स्वतःचा रोध, पुढच्या आकड्यातून वजा करा. मग इस्त्रीच्या फेज आणि न्यूट्रलच्या पिनांवर लीड लावा. डायल चालूवर हवा, नाहीतर थर्मोस्टॅट उघडा असतो आणि मीटर ‘ओएल’ किंवा नुसता ‘१’ दाखवतो, म्हणजे रोध रेंजच्या बाहेर. कॉइल तुटली असं समजून इस्त्री उगाच उघडली जाते ती इथे.

इस्त्री, गीझर, रॉड यांची कॉइल नायक्रोमची असते. गार आणि तापलेल्या कॉइलच्या रोधात थोड्याच टक्क्यांचा फरक पडतो, त्यामुळे मोजलेले ओहम आणि हिशेबाचे ओहम जवळजवळ जुळतात. जुन्या पिवळ्या बल्बला हे लागू नाही. २३० व्होल्ट ६० वॅटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना ८८२ ओहम असतो, आणि गार असताना मीटरवर साठ-सत्तर ओहमच दिसतात. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध दहापटीहून जास्त वाढतो. बल्ब बहुधा चालू करतानाच का उडतो, ते यावरून कळेल.

फेजची पिन आणि अर्थिंगची जाड पिन यांच्यामध्येही मोजा, सगळ्यात वरच्या रेंजवर. ‘ओएल’ यायला हवं. काही किलोओहम दिसले तर वस्तू वापरू नका. ‘ओएल’ आलं म्हणून मात्र पूर्ण निर्धास्त होऊ नका, कारण मल्टिमीटर आतल्या बॅटरीच्या काही व्होल्टवर तपासतो. खरी कसोटी ५०० व्होल्टच्या मेगरची (इन्सुलेशन तपासणारा मीटर), तो वायरमनकडे असतो.

८. व्होल्टेज पडलं की वॅट किती पडतात

वॅट व्होल्टेजच्या वर्गाने बदलतात, हे कागदावर वाचून लक्षात राहत नाही. १००० वॅटच्या वस्तूचे आकडे बघा:

२३० व्होल्ट: १००० वॅट
२२० व्होल्ट: ९१५ वॅट
२१० व्होल्ट: ८३४ वॅट
२०० व्होल्ट: ७५६ वॅट
१८० व्होल्ट: ६१२ वॅट

१८० व्होल्ट म्हणजे व्होल्टेज बावीस टक्के कमी, पण वॅट एकोणचाळीस टक्के कमी. उलट २५० व्होल्ट आले तर वॅट १८ टक्क्यांनी वाढतात आणि कॉइलचं आयुष्य घटतं.

कमी व्होल्टेजमुळे बिल कमी येतं असं अनेकांना वाटतं. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला साधारण ०.३५ युनिट लागतं. १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर ते काम १४ मिनिटांत करतो, १८० व्होल्टवर २३ मिनिटांत. युनिट तेवढंच पडतं, वरून बादली जास्त वेळ हवेत उष्णता घालवते ती वेगळी. थर्मोस्टॅटच्या इस्त्रीचंही तसंच: वॅट कमी मिळाले की ती जास्त वेळ चालू राहते आणि कामगाराचे कपडे कमी निघतात.

९. हरवलेले १२ व्होल्ट शोधा

सहाव्या पायरीतलं उदाहरण अर्धंच झालं आहे. बोर्डावर २२६, टेबलावर २१४. मधले १२ व्होल्ट कुठे गेले? लाइनमधला एकूण करंट ४.०५ × ३ = १२.१५ ॲम्पिअर.

लाइनचा रोध: १२ ÷ १२.१५ = ०.९९ ओहम
लाइनमध्ये जळणारे वॅट: १२ × १२.१५ = १४६ वॅट

हे १४६ वॅट कुठल्याच कपड्याला लागत नाहीत, पण बिलात येतात.

आता वायरचा स्वतःचा रोध किती असायला हवा ते काढा. मऊ, अनेक तारांच्या तांब्याच्या वायरचा २० अंश सेल्सिअसला दर किलोमीटर जास्तीत जास्त रोध असा:

१ चौरस मिमी: १९.५ ओहम
१.५ चौरस मिमी: १३.३ ओहम
२.५ चौरस मिमी: ७.९८ ओहम
४ चौरस मिमी: ४.९५ ओहम

लांबी नेहमी जाऊन-येऊन धरा: २५ मीटर अंतराला ५० मीटर तार. ही दुप्पट करायची राहून जाते आणि उत्तर निम्मं येतं. ५० मीटरला १३.३ × ०.०५ = ०.६६५ ओहम. पण हा आकडा २० अंशांचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या पाइपात वायर ४५ अंशांवर सहज जाते. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २५ अंशांना १० टक्के. ०.६६५ चे ०.७३ ओहम होतात.

मोजून आले ०.९९, वायरचे धरले ०.७३. उरलेले ०.२६ ओहम स्विच, सॉकेट, पिना आणि जोडांत आहेत. १२.१५ × १२.१५ × ०.२६ = ३८ वॅट. हे ३८ वॅट २५ मीटरभर पसरलेले नाहीत, दोन-चार नखाएवढ्या जागांवर आहेत. सॉकेट पिवळं पडणं, पिन टॉप मऊ होणं, करपल्याचा वास येणं, हे सगळं तिथून येतं.

नेमकी जागा शोधायची पद्धत अशी: लोड चालू ठेवून संशयित स्विचच्या एका स्क्रूवर एक लीड आणि दुसऱ्या स्क्रूवर दुसरी, एसी व्होल्टवर. चांगल्या स्विचवर आकडा मिलिव्होल्टमध्येच राहतो. १.८ व्होल्ट दिसले तर १.८ × १२.१५ = २२ वॅट त्या एका स्विचमध्ये जळताहेत. बोर्ड उघडून, चालू लाइनवर करायचं काम आहे हे. नवीन असाल तर अनुभवी वायरमन समोर असल्याशिवाय करू नका. एकट्याने करायचं असेल तर लाइन दहा मिनिटं लोडवर चालवा, एमसीबी बंद करा, फेज गेल्याची मीटरने खात्री करा आणि मगच कुठला स्क्रू गरम आहे ते बघा.

स्क्रू घट्ट करणं, काळी पडलेली पिन बदलणं, पिळून टेप मारलेला जोड काढून कनेक्टर बसवणं, हे आधी करा. त्यानंतर वायर. ४ चौरस मिमी टाकली तर ५० मीटरला २० अंशांवर ०.२५ ओहम, आणि १२ ॲम्पिअरला फक्त ३ व्होल्ट पडतात.

हाच हिशेब सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर स्टॉल टाकणाऱ्यांना लागतो. लांबून ओढलेली १ चौरस मिमीची ३० मीटर वायर, तिच्यावर २००० वॅटचं ओव्हन. ६० मीटरला १.१७ ओहम, ८.७ ॲम्पिअरला १० व्होल्ट, आणि वायरमध्ये ८८ वॅट. वायर सरळ पसरलेली असेल तर निभतं. रिळावर गुंडाळलेली असेल तर ते ८८ वॅट एका गठ्ठ्यात कोंडतात आणि इन्सुलेशन वितळतं. रीळ पूर्ण उलगडा, किंवा वायर जाड घ्या.

आणि रॉड. १५०० ÷ २३० = ६.५२ ॲम्पिअर. घरातलं लहान सॉकेट ६ ॲम्पिअरचं असतं. कन्व्हर्टर पिन लावून रॉड त्यात खुपसायचा, हे घरोघरी दिसतं आणि तेच सॉकेट जळतं. १००० वॅटच्या वर काहीही असेल तर १६ ॲम्पिअरचं सॉकेट.

१०. मोटर आली की सूत्र बदलतं

आत्तापर्यंतचं सगळं निव्वळ रोधाच्या वस्तूंना लागू होतं. पंखा, कूलर, पंप, मागाची मोटर यांना नाही. मोटरच्या वाइंडिंगचे ओहम मोजून २३० ला भागलं तर करंट प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त येतो, कारण फिरती मोटर स्वतः उलट दिशेचं व्होल्टेज तयार करते आणि वाइंडिंग एसीला वेगळा अडथळा करतं. उलट, मोजलेल्या व्होल्टेजला करंटने भागून आलेला आकडाही वाइंडिंगचा रोध नसतो. मोटरचे ओहम फक्त तीन वाइंडिंग सारखी आहेत का हे बघायला वापरा.

वॅट काढताना पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं:

सिंगल फेज: वॅट = व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर
थ्री फेज: वॅट = १.७३२ × दोन फेजमधलं व्होल्टेज × एका फेजचा करंट × पॉवर फॅक्टर

साध्या मागाची १ एचपी मोटर घ्या. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ते शाफ्टवर मिळणारे. कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर ओढले जाणारे ९९५ वॅट. ४१५ व्होल्ट आणि ०.८ पॉवर फॅक्टरला करंट १.७३ ॲम्पिअर. चालू मागावर १.४ दिसला तर मोटर पूर्ण लोडवर नाही. इथे एक खोच आहे: पट्टीवरचा ०.८ पॉवर फॅक्टर पूर्ण लोडचा असतो. लोड कमी झाला की तो बराच खाली येतो. ०.७ धरला तर १.७३२ × ४१५ × १.४ × ०.७ = ७०४ वॅट, ०.८ धरला तर ८०५. टाँगवरून मोटरचे वॅट अंदाजेच येतात, नेमके हवे असतील तर वॅटमीटर लागतो.

मागावर आणखी एक अडचण. फणीच्या प्रत्येक ठोक्याला लोड वर-खाली होतो, त्यामुळे टाँगचा आकडा स्थिर राहत नाही. सर्वात मोठा आणि सर्वात लहान दोन्ही लिहा, पण तिन्ही फेज तपासल्याशिवाय थांबू नका. १.४, १.४, १.५ ठीक. दोन फेजना २.५ आणि तिसऱ्याला शून्य असेल आणि मोटर घुमत असेल तर एक फेज गेला आहे. मोटर लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळतं.

११. बॅटरीवर: फवारणी पंप आणि एलईडी

डीसीत पॉवर फॅक्टरची भानगड नाही, पण साधा टाँग टेस्टर चालत नाही. तो फक्त एसी वाचतो. मल्टिमीटर १० ॲम्पिअरच्या छिद्रावर लावून वायरच्या मध्ये जोडायचा, आणि स्वस्त मीटर असेल तर दहा-पंधरा सेकंदांत काढायचा.

डाळिंबावर फवारणीसाठी वापरतात तो १२ व्होल्ट ८ ॲम्पिअर-तासाचा पंप. चालू असताना बॅटरीवर ११.८ व्होल्ट, करंट २.४ ॲम्पिअर: २८ वॅट. ८ ÷ २.४ = ३.३ तास, पण प्रत्यक्षात कमीच मिळतात, कारण लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता सहसा २० तासांत सावकाश रिकामी करून ठरवलेली असते.

१२ व्होल्टवर लाल एलईडी लावायचा असेल तर एलईडी २ व्होल्ट घेतो, उरलेले १० व्होल्ट रेझिस्टरवर. २० मिलिॲम्पिअर म्हणजे ०.०२ ॲम्पिअर, १० ÷ ०.०२ = ५०० ओहम, बाजारात ४७० मिळतो. मिलिॲम्पिअरचं ॲम्पिअर करायला विसरलात तर अर्धा ओहम येतो आणि एलईडी क्षणात जातो. ४७० ओहमवर ०.२१ वॅट पडतात. पाव वॅटचा रेझिस्टर टिकेल, पण बोट ठेववणार नाही इतका तापेल. अर्ध्या वॅटचा घ्या.

१२. टाँग नसेल तर वीजमीटरवर मोजा

घरच्या डिजिटल वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ‘३२०० इम्प’ किंवा ‘१६०० इम्प’ असा आकडा असतो. एका युनिटला दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. बाकी सगळं बंद करा, फ्रिज आणि मोबाइलचे चार्जरसुद्धा, आणि फक्त हवी ती वस्तू चालू ठेवा.

३२०० असेल तर: वॅट = ११२५ × लुकलुकण्याची संख्या ÷ सेकंद
१६०० असेल तर: वॅट = २२५० × लुकलुकण्याची संख्या ÷ सेकंद

मोजणी एका लुकलुकीवर शून्य म्हणून सुरू करा, एक म्हणून नाही. त्याच कारखान्यात एकच इस्त्री चालू ठेवली आणि ३२०० च्या मीटरवर २० लुकलुकी २४ सेकंदांत झाल्या तर ११२५ × २० ÷ २४ = ९३७ वॅट. त्याच वेळी बोर्डावर २२६ व्होल्ट आणि ४.२ ॲम्पिअर, म्हणजे ९४९ वॅट. एवढा फरक स्टॉपवॉच दाबण्यातला आहे, पन्नास लुकलुकी मोजल्या की आणखी कमी होतो. मोटरलाही ही पद्धत चालते, कारण वीजमीटर पॉवर फॅक्टर धरूनच खरे वॅट मोजतो. मागाच्या उड्या मारणाऱ्या लोडचा सरासरी आकडा हवा असेल तर दहा मिनिटं मोजा. मोठ्या कनेक्शनला सीटी (करंट ठरावीक पटीने कमी करून मीटरला देणारा ट्रान्सफॉर्मर) लावलेला मीटर असेल तर आलेल्या वॅटना मीटरवर किंवा बिलावर दिलेल्या गुणकाने गुणायला विसरू नका.